नऊ वर्षांच्या मुलीला ‘उशीर झाला’ म्हणू नका : फ्रेंच इमर्शनच्या प्रवेशनियमाबद्दल स्कूल बोर्डाच्या विश्वस्तांना खुले पत्र

माननीय विश्वस्त मंडळी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यातल्या बैठकीत मला बोलायला पाच मिनिटं दिलीत, त्याबद्दल आभार. मी इंग्रजीत तीन पानं लिहून आणली होती. दुसऱ्या पानावरच वेळ संपला आणि जे मुख्य सांगायचं होतं ते राहून गेलं. ते सगळं आता सविस्तर लिहून त्याची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयात दिली आहे. इथे मी तेच माझ्या भाषेत मांडते आहे, कारण हा नियम ज्यांच्या मुलांना लागतो त्यांतल्या कितीतरी जणांना असा काही नियम आहे हेच माहीत नसतं. ऑगस्टमध्ये विमानातून उतरायचं, भाड्याचं घर शोधायचं, बँकेचं खातं, फोन, थंडीचे कपडे, मुलांची शाळा, सगळं तीन आठवड्यांत. त्या गडबडीत ‘इमर्शन’ हा शब्द कानावर पडतो तेव्हा बहुधा वेळ निघून गेलेली असते.

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताबाहेरच्या मराठी वाचकांसाठी दोन ओळी लिहिते. फ्रेंच इमर्शन म्हणजे सरकारी, बिनफीच्या शाळेतलाच वर्ग, पण तिथे दिवसाचा किमान निम्मा वेळ सगळं फ्रेंचमधून शिकवतात. फ्रेंच हा तिथे नुसता विषय नसतो. विज्ञान, समाजशास्त्र, गाणी, शिस्तीच्या सूचना, सगळं त्याच भाषेत होतं. घरी फ्रेंच न बोलणाऱ्या मुलांसाठीच हा वर्ग आहे. आमच्या स्कूल बोर्डात, म्हणजे आमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेत, त्याला प्रवेश फक्त पहिलीत मिळतो. त्यापुढच्या इयत्तेत यायचं तर मूल आधी दुसरीकडे फ्रेंचमधून शिकलेलं असावं लागतं.

आम्ही २०२२ च्या ऑगस्टमध्ये सांगलीहून इथे आलो. थोरली नऊ वर्षांची होती, धाकटा पाच. थोरली तिकडे सेमी इंग्लिशला होती. तिची दुसरी पूर्ण आणि तिसरीचा बराचसा भाग लॉकडाऊनमुळे मोबाइलच्या पडद्यावरच गेला. वाचन खरं तर माझ्या सासूबाईंनी करून घेतलं, रोज दुपारी एक धडा मोठ्याने. इंग्रजी तिला वाचता येत होतं, बोलता येत नव्हतं. लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या सुट्टीच्या, दुसऱ्या दिवशी तिला इथे चौथीच्या वर्गात बसवलं. पहिले दोन महिने ती घरी येऊन काही न बोलता जेवायची. ईएसएलच्या, म्हणजे नव्याने इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठीच्या, बाई तिला रोज थोडा वेळ वेगळं घेऊन बसत; त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. जानेवारी येईतो मुलगी मैत्रिणींशी भांडायला लागली, अर्थातच इंग्रजीत.

त्याच जानेवारीत धाकट्याच्या पहिलीच्या इमर्शनचा अर्ज भरायला मी गेले. तिथेच विचारलं, मोठीलाही यात घालता येईल का? टेबलामागच्या बाई अतिशय प्रेमाने बोलल्या. त्यांनी सांगितलं की तिच्यासाठी आता उशीर झाला. ती पहिलीत असताना आम्ही इथे असतो तर सहज झालं असतं. मी म्हटलं, तिची एखादी चाचणी तरी घ्या. त्यावर उत्तर मिळालं की चाचणी फ्रेंच येणाऱ्या मुलांसाठी असते.

विश्वस्तहो, त्या बाईंचा मला जराही राग नाही. त्या नियम सांगत होत्या. माझा प्रश्न त्या नियमालाच आहे. त्याआधी चारच महिने याच बोर्डाने याच मुलीला एका परक्या भाषेत पूर्ण बुडवलं होतं. संपूर्ण दिवस, सगळे विषय. त्या वेळी कुणी म्हणालं नाही की नऊ वर्षांची मुलगी इंग्रजीसाठी मोठी झाली. आधाराला एक शिक्षिका दिली, थोडा धीर धरला आणि मुलगी शिकली. मग तीच मुलगी, त्याच वयात, फ्रेंचसाठी मात्र मोठी कशी ठरते?

या देशातच पाच-सहा तासांच्या अंतरावर याच्या नेमकं उलट चित्र आहे. आम्ही टोरांटोऐवजी मॉन्ट्रियलला उतरलो असतो तर क्वेबेकच्या १९७७ च्या भाषा कायद्यानुसार थोरलीला फ्रेंच शाळेतच जावं लागलं असतं. फ्रेंच येत नाही म्हणून तिला आधी ‘क्लास दाक्यई’ म्हणजे स्वागत वर्गात बसवलं असतं आणि भाषा अंगवळणी पडली की नेहमीच्या वर्गात पाठवलं असतं. तिथे दहा, बारा, चौदा वर्षांची मुलं असं शिकतात. पंजाबी, अरबी, स्पॅनिश बोलणारी, आपल्या मराठी घरांतलीही. प्रांताची सीमा ओलांडली की मुलांचे मेंदू बदलत नाहीत.

‘लवकर तेवढं बरं’ हा विचार कुठून आला ते मी वाचून काढलं. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये १९६५ साली इमर्शनचा पहिला गाजलेला वर्ग सुरू झाला. तो काढला इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी, बोर्डाशी दोन वर्षं झगडून. बोर्डाला ही कल्पना पटत नव्हती, मग पालकांनी तज्ज्ञांचा आधार घेतला. त्यांत मेंदूचे विख्यात शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड होते, आणि लहान मेंदू भाषा सहज उचलतो असं त्यांचं मत होतं. वर्ग बालवाडीपासून सुरू झाला, यशस्वी ठरला आणि देशभर पसरला. १९६९ च्या अधिकृत भाषा कायद्याने त्याला बळ मिळालं. त्या पालकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्यांनी हट्ट धरला नसता तर आज माझा धाकटा फ्रेंचमध्ये कविता म्हणत नसता.

पण संशोधन १९६५ वर थांबलेलं नाही. नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचा एक अभ्यास कॅथरीन स्नो आणि मरियन हुफ्नागेल-ह्योले यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षात डच सगळ्यांत वेगाने कुणी आत्मसात केली? बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांनी. तीन ते पाच वर्षांची मुलं मागे होती. मॅक्गिल विद्यापीठाच्या फ्रेड जेनेसी यांनी मॉन्ट्रियलमध्ये लवकर आणि उशिरा इमर्शनमध्ये आलेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. सातवीच्या सुमारास सुरुवात केलेली मुलं अनेक चाचण्यांत बालवाडीपासून शिकणाऱ्यांच्या बरोबरीने उतरली. उच्चार आणि बोलण्यातली सहजता लहानपणी चांगली बसते, हे मी नाकारत नाही. धाकट्याचा ‘र’ थोरलीला अजून जमत नाही. पण उच्चार थोडा मराठी राहील म्हणून एखाद्या मुलीला भाषेपासूनच दूर ठेवायचं?

मोठ्या मुलाकडे एक गोष्ट असते जी पाच वर्षांच्या मुलाकडे नसते : त्याने एक भाषा वाचायला-लिहायला शिकून झालेली असते. टोरांटो विद्यापीठात आयुष्यभर काम केलेले जिम कमिन्स हेच सांगत आले की पहिल्या भाषेत कमावलेलं वाचन आणि समज दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. मला हे पुस्तकाआधी स्वयंपाकघरात कळलं.

धाकटा ओट्याशेजारी टेबलावर बसून फ्रेंचचा अभ्यास करायचा आणि थोरली कोथिंबीर निवडता निवडता ऐकायची. एके दिवशी तो अडला. दार स्त्रीलिंगी का, खुर्ची स्त्रीलिंगी का, पुस्तक पुल्लिंगी का? बाईंनी पाठ करायला सांगितलं होतं. थोरली म्हणाली, “अरे, आपल्याकडे नाही का? तो कागद, ती खुर्ची, ते दार. इथे फक्त दोनच आहेत, सोपं आहे.” इंग्रजी घरातल्या मुलांना जो भाग वर्षानुवर्षं छळतो तो तिला पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटला. ‘त्यु’ आणि ‘व्हू’ यांतला फरक तिला समजावून सांगावा लागला नाही. तू आणि तुम्ही हे तिने आजीच्या मांडीवरच शिकलेलं. ‘तो गेला, ती गेली’ असं आपलं क्रियापद बदलतं, तसं फ्रेंचमध्येही जाणं-येणं लिहिताना बाईसाठी एक अक्षर वाढतं, हे तिने स्वतः शोधून काढलं आणि दिवसभर त्या आनंदात होती. मग ऐंशीची गंमत. फ्रेंचमध्ये ऐंशीला ‘चार वीस’ म्हणतात. धाकटा वैतागून व्हिडिओ कॉलवर आजीला सांगत होता. सासूबाई म्हणाल्या, “मग चार इसा म्हण की सरळ. आमची आई तसंच मोजायची.” सांगलीच्या एका जुन्या घरातली मोजणी आणि पॅरिसची मोजणी एकच निघाली.

ही मुलगी फ्रेंचसाठी तयार नव्हती असं ज्याला म्हणायचं असेल त्याने निदान तिला एकदा भेटायला हवं होतं.

आता तिला जे मिळालं त्याबद्दल. इंग्रजी शाखेतल्या मुलांना चौथी ते आठवी ‘कोअर फ्रेंच’ असतं, रोज साधारण चाळीस मिनिटं. प्रांताच्या अभ्यासक्रमाप्रमाणे आठवीच्या शेवटी त्याचे ६०० तास होतात. इमर्शनच्या मुलांचे तोपर्यंत ३,८०० तास होतात. थोरली आता सातवीत आहे. तिला रंग, वार, हवामान आणि खाद्यपदार्थांची नावं येतात, एक छोटा संवाद पाठ म्हणता येतो. तिच्या शिक्षिका खोलीविना, ढकलगाडीवर सामान घेऊन वर्गावर्गात फिरतात. त्यांच्या कष्टांत काही कमी नाही. चाळीस मिनिटांत होण्यासारखं ते तेवढंच आहे.

चौथीत तिला इमर्शनमध्ये घेतलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब मी केला. शाळेचा अध्यापनाचा दिवस पाच तासांचा. निम्मा फ्रेंचमध्ये धरला तर अडीच तास. शिकवण्याचे दिवस वर्षाला १८७ धरले, पाच वर्षं धरली तर साधारण २,३०० तास होतात. ३,८०० होत नाहीत, हे मलाही दिसतं. बोर्डाने मला लेखी उत्तरात हीच अडचण सांगितली होती, की तास पुरे होणार नाहीत. पण २,३०० तासांच्या जागी ६०० देऊन ती अडचण सुटते का? प्रमाणपत्रासाठी तास मोजावे लागत असतील तर मोजा, आणि तिला प्रमाणपत्र देऊ नका. मी प्रमाणपत्र मागायला आले नव्हते.

शिक्षकांची बाजूही मला कळते. शाळेच्या गेटवर इमर्शनच्या एका शिक्षिकेशी बोलणं झालं. त्या म्हणाल्या, पंचवीस मुलं फ्रेंचमध्ये प्रकाशसंश्लेषण शिकत असताना एक शब्दही न येणारं मूल मध्ये आणून बसवलं तर मी त्याच्याकडे बघू की वर्गाकडे? हे अगदी रास्त आहे. मूल नुसतं ढकलून द्या असं मी म्हणतच नाही. पण यावर उत्तर शोधलेले लोक जगात आहेत. वेल्समध्ये ग्विनेथ भागात शाळा वेल्श भाषेतून चालतात आणि बाहेरून येणाऱ्या मोठ्या मुलांना वेल्श येत नसतं. तिथे १९८४ पासून उशिरा येणाऱ्यांसाठी खास केंद्रं आहेत. मूल काही आठवडे आठवड्यातले बहुतेक दिवस तिथे जातं, लहान गटात, खेळत-बोलत भाषा शिकतं आणि मग आपल्या गावच्या शाळेत परत येतं. सक्षम शिक्षक, एक खोली, काही आठवडे. ज्या भाषेचं भवितव्यच धोक्यात होतं तिने मोठ्या मुलांसाठी दार उघडं ठेवलं, कारण तिला प्रत्येक मूल हवं होतं. फ्रेंच तर या देशाची अधिकृत भाषा आहे.

आणि देशातच बघायचं तर ब्रिटिश कोलंबियात सहावीपासून सुरू होणारं ‘लेट इमर्शन’ आहे, फ्रेंचचा गंध नसलेल्या मुलांसाठी. मॅनिटोबात चौथीची आणि सातवीची सुरुवात आहे. न्यू ब्रन्सविकने २००८ मध्ये इमर्शनची सुरुवात पहिलीवरून पुढे ढकलली, काही वर्षं ती तिसरीत होती आणि २०१७ पासून पुन्हा पहिलीत आणली. सहावीचा प्रवेश वेगळा आहेच. आमच्या प्रांतातल्या काही बोर्डांतही चौथीला किंवा सातवीला प्रवेश मिळतो. म्हणजे ‘पहिलीच का’ याचं उत्तर निसर्गात नाही. ते माणसांनी, बैठकीत, मतदानाने ठरवलेलं आहे. आपण ते बदलू शकता.

या नियमाचा एक परिणाम असा आहे की त्याबद्दल बैठकीत कुणी बोलत नाही. आमची शाळा दोन शाखांची. एकाच इमारतीत, एकाच मधल्या सुट्टीत, इमर्शनचे वर्ग आणि इंग्रजीचे वर्ग. प्रवेशाची एकच वेळ असल्यामुळे इथे जन्मलेली किंवा फार लहानपणी आलेली मुलं एका बाजूला आणि नुकती उतरलेली मुलं दुसऱ्या बाजूला, असे ढीग आपोआप होतात. थोरलीच्या चौथीच्या वर्गात ईएसएलला जाणारी आठ मुलं होती. भिंतीपलीकडच्या इमर्शनच्या चौथीत एकही नव्हतं. कुणी मुद्दाम केलेलं नाही, हे मी मान्य करते. पण माझ्या मुलीने मला विचारलं, “आई, तिकडे नवीन मुलं का नसतात?” तिला मी काय सांगायला हवं होतं?

त्याच शेजारच्या वर्गात जागा मात्र होत्या. पहिलीला वेटिंग लिस्ट असते, हे खरं. पण मुलं दर वर्षी इमर्शन सोडतात. कुणी घर बदलतं, कुणाला जड जातं. वर नवा प्रवेश नसल्यामुळे ती जागा भरत नाही. पाचवी-सहावीत वर्ग इतके रोडावतात की दोन इयत्ता एकत्र बसवतात. शिक्षिका तीच, खोली तीच, पगार तोच, आणि बाकं रिकामी. फ्रेंच शिकवणारे शिक्षक मिळत नाहीत हे आपण प्रत्येक बैठकीत सांगता. मग मिळालेल्या शिक्षकापुढच्या रिकाम्या जागा तरी भरू द्या.

दोन सल्ले मला वारंवार मिळाले, त्यांची उत्तरं थोडक्यात देते. पहिला : “आधी इंग्रजी पक्कं होऊ दे.” प्रांताच्या २०१३ च्या फ्रेंच शिक्षणाच्या आराखड्यात हे शिक्षण सर्व विद्यार्थ्यांसाठी आहे असं तत्त्वच दिलेलं आहे, इंग्रजी शिकत असलेली मुलं त्यातून वगळलेली नाहीत. आणि आमच्याकडची मुलं मराठी, हिंदी, इंग्रजी एकाच दप्तरात वागवत मोठी होतात. दुसरा सल्ला : “मग फ्रेंच बोर्डाच्या शाळेत घाला.” त्या शाळा फ्रेंच भाषक समाजाच्या आहेत, कॅनडाच्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेच्या कलम २३ ने दिलेल्या हक्काच्या. बाहेरच्यांना तिथे प्रवेश समितीपुढे जावं लागतं. त्यांनी आपल्या शाळा आपल्या मुलांसाठी जपाव्यात, त्या त्यांनी लढून मिळवल्या आहेत. आपल्या बोर्डाच्या नियमाचं ओझं त्यांच्या दारात नेऊन ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

माझ्या मराठी वाचकांना, विशेषतः जे अजून तिकडे सामान बांधत आहेत त्यांना, सांगायचं आहे ते असं. येण्याआधीच ज्या शहरात जाणार तिथल्या बोर्डाच्या इमर्शनच्या इयत्ता आणि नोंदणीच्या तारखा बघा. इथे इयत्ता जन्माच्या वर्षावरून ठरते, तिकडच्या इयत्तेवरून नाही. ज्या वर्षी मूल सहा वर्षांचं होतं त्या वर्षीच्या सप्टेंबरात पहिली. घर घेताना किंवा भाड्याने बघताना चौथीला किंवा सातवीला प्रवेश असलेलं बोर्ड शेजारी असेल तर त्याचा विचार करा. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि मराठी सोडू नका. शनिवारचा मराठीचा वर्ग, आजीचा फोन, झोपताना एक गोष्ट, हे चालू ठेवा. माझ्या मुलीला फ्रेंच जवळची वाटली ती मराठीमुळे.

विश्वस्त मंडळी, माझ्या मागण्या या आहेत. चौथीला आणि सातवीला इमर्शनचा नवा प्रवेश सुरू करावा, निदान दोन शाळांत. तोपर्यंत दुसरी ते सहावीच्या रिकाम्या जागा, फ्रेंच येत नसलेल्या पण शिकू इच्छिणाऱ्या मुलांना द्याव्यात, त्याआधी उन्हाळ्यात किंवा सप्टेंबरात काही आठवड्यांचा तयारीचा वर्ग घेऊन. प्रवेश नाकारण्याआधी कुणीतरी मुलाशी बोलावं. त्याला कोणत्या भाषा येतात, त्याने काय वाचलं आहे, त्याला हे हवं आहे का, एवढं विचारावं. जानेवारीनंतर देशात उतरलेल्या कुटुंबांसाठी काही जागा ऑगस्टअखेरपर्यंत राखाव्यात. आणि शाळेत नाव घालताना जो कागदांचा गठ्ठा हातात देतात त्यात या वर्गांची माहिती घरच्या भाषेत असावी. स्वागत केंद्राच्या भिंतीवर वीसेक भाषांत ‘स्वागत’ लिहिलेलं आहे, त्यात आमचं देवनागरीतलंही आहे. पहिल्या दिवशी थोरलीने ते मोठ्याने वाचलं होतं.

थोरलीसाठी हे आता होणार नाही. पुढच्या वर्षी ती आठवीत जाईल. मी हे मागते आहे या ऑगस्टमध्ये उतरणाऱ्या मुलांसाठी.

पुढच्या बैठकीआधी एक माहिती कृपया जाहीर करावी : सध्या प्रत्येक इमर्शन शाळेत, इयत्तेगणिक, किती मुलं आहेत आणि किती जागा रिकाम्या आहेत. मी हे आकडे दोनदा लेखी मागितले, अजून मिळालेले नाहीत. त्या बैठकीला मी येणार आहे, सोबत आमच्या आणि शेजारच्या दोन शाळांतले पालकही असतील. या वेळी मी एकच पान आणेन.

आपली नम्र,
दोन मुलांची आई,
दक्षिण ऑन्टारियो